'हुबेहूब' ही स्तुती नव्हे

शाहूपुरी वसली ती व्यापारासाठी, गुळाची पेठ म्हणून. गुळाचा मोठा व्यवहार पुढे मार्केट यार्डात गेला. आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या तेवढ्या मागे राहिल्या. त्यांपैकी एखाद्या गल्लीतून संध्याकाळी सहानंतर चालत गेले, की कुठल्या तरी वरच्या मजल्यावरून चित्रपटगीते ऐकू येतात. गळ्यातून नव्हे, बोटांतून. क्लास सुरू असतो. वाद्य बहुधा एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड असते. परंतु पालक त्याला 'पियानो'च म्हणतात, आणि या लेखापुरते आम्हीही तसेच म्हणू.

अशा क्लासांतल्या मुलांची एक स्पर्धा काही वर्षांपूर्वी तिथल्याच एका सभागृहात झाली. विषय 'लोकप्रिय गीत अथवा चित्रपटगीत', वेळ चार मिनिटे. ओळखीतल्या एका मुलाला पोचवायला म्हणून आम्ही गेलो आणि शेवटपर्यंत बसलो. मध्येच केव्हातरी नववीतली एक मुलगी आली. तिने 'जगाच्या पाठीवर' (१९६०) या चित्रपटातले, माणसाच्या आयुष्याला वस्त्र म्हणणारे गाणे निवडले होते. शब्द गदिमांचे, चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. फडके जन्माने कोल्हापूरचे, तेव्हा सभागृहाला गाणे पाठ असणे ओघानेच आले.

तिने कीबोर्डातला तयार ताल बंद केला. ध्रुवपद पहिल्यांदा दोन्ही हातांनी भरून वाजवले. बालपण, तारुण्य आणि वार्धक्य यांच्या कपड्यांचे कडवे झाल्यावर तेच ध्रुवपद परत आले, तेव्हा डावा हात मांडीवर ठेवून नुसत्या उजव्या हाताने, जवळजवळ चाचपडत वाजवले. शेवटच्या कडव्यात गाणे विचारते की हे वस्त्र विणतो कोण. आणि विणकर दिसत नाही, एवढेच उत्तर देते. त्यानंतरचे ध्रुवपद तिने पुरे केलेच नाही. ओळ संपायच्या आधी हात उचलला, खाली पाहिले आणि उठली. लोकांना वाटले, विसरली.

पहिले बक्षीस ज्या मुलाला मिळाले, त्याने एका नव्या हिंदी गाण्याचा ताल, मधले संगीत, व्हायोलिनांचा ताफा, सारे काही कीबोर्डात भरून आणले होते आणि ते निर्दोष वाजवले. त्याची मेहनत आम्ही नाकारत नाही. परीक्षकांनी माइकवरून त्याला 'अगदी हुबेहूब!' अशी दाद दिली आणि त्या मुलीला प्रेमाने सांगितले, "बाळ, हात चांगला आहे तुझा, पण ते गाण्यासारखं वाटलं नाही." आमच्या शेजारी एक स्नेही बसले होते. महाविद्यालयात मराठी शिकवतात, वाचन दांडगे. ते आमच्या कानाशी म्हणाले, "कशाला मनाला लावून घेता? शेवटी दोन्ही नक्कलच. एक चांगली, एक वाईट."

वाचकहो, ही दोन वाक्ये वरवर विरुद्ध दिसतात. एकात कौतुक आहे, दुसऱ्यात तुच्छता. आमचे म्हणणे असे, की ती एकच आहेत. दोन्हींच्या पोटात एकच समजूत आहे: ध्वनिमुद्रिका म्हणजे मूळ, आणि वाद्यावर गाणे वाजवणाऱ्याचे काम त्या मुळाच्या जवळ जाणे. परीक्षक जवळ गेलेल्याला बक्षीस देतात. प्राध्यापक जवळ जाण्याच्या धडपडीलाच हसतात. ही समजूत खोटी आहे, आपल्या परंपरेला परकी आहे, आणि शिकणाऱ्या मुलांचे तिने नुकसान चालवले आहे. गाणे वाजवणे हे वाचन आहे. ते चांगले असेल, वाईट असेल. पण त्याची परीक्षा वाचन म्हणूनच झाली पाहिजे.

* * *

आधी 'मूळ' म्हणजे काय, ते पाहू. वरच्या गाण्याचे मूळ कोणते? गदिमांच्या कागदावरचे शब्द? फडक्यांना सुचलेली चाल? वाद्यमेळाची रचना? की स्टुडिओत एका दिवशी जे वाजले-गायले गेले आणि मुद्रित झाले, ते? आपण सरसकट या शेवटच्याला मूळ म्हणतो. वस्तुतः तो त्या गाण्याचा एक प्रयोग आहे. उत्तम प्रयोग आहे, कदाचित सर्वोत्तमही असेल. पण नाटकाचा पहिला प्रयोग म्हणजे संहिता नव्हे, हे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवणारे आम्ही लोक गाण्यापाशी आलो की तेवढे विसरतो.

आपले पूर्वज हे विसरत नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले. आमच्या संगीत रंगभूमीचा इतिहास तिथून सांगायचा प्रघात आहे. हे नाटक मुळात कालिदासाचे रूपांतर. आणि त्या परंपरेतल्या छापील पुस्तकांतून पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचा निर्देश असे. शब्द नवे, चाल जुनी. कोणाला त्यात उणेपणा वाटला नाही, आणि लपवण्याजोगे तर काहीच वाटले नाही. चालीचा निर्देश पदाच्या वर उघड छापला जाई. आज पियानोवर चित्रपटगीत वाजवणारा मुलगा याच व्यवहाराची दुसरी बाजू करतो: चाल ठेवतो, शब्द काढतो. पहिल्याला परंपरा म्हणायचे आणि दुसऱ्याला नक्कल, हा न्याय कुठला?

त्याही मागे जायचे तर मराठी वाङ्मयाचा कळसाध्याय म्हणून आपण जो ग्रंथ वर्गात उघडतो, ती 'ज्ञानेश्वरी' गीतेवरची टीका आहे. सातशे श्लोकांच्या नऊ हजारांच्या घरात ओव्या झाल्या, तेव्हा ते 'हुबेहूब' नव्हते हे उघड आहे. नववीतल्या मुलीच्या चार मिनिटांची आम्ही ज्ञानेश्वरांशी बरोबरी मांडत नाही. एवढेच म्हणतो, की दुसऱ्याच्या कृतीत शिरून तिचा अर्थ उलगडणे हे दुय्यम काम आहे, असे मराठीच्या अभ्यासकाने तरी म्हणू नये.

* * *

गळ्याचे गाणे पट्ट्यांवर वाजवण्याची लढाई कोल्हापूर परिसराने एकदा लढून झालेली आहे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) जवळच्याच सांगवड्याचे. 'मानापमान' (१९११) च्या पदांना चाली त्यांच्या. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) कोल्हापुरात तयार झाला, त्याचे संगीत त्यांचे आणि पडद्यावरचा हरिश्चंद्रही तेच. पण त्या काळच्या रसिकांनी त्यांना सर्वांत आधी डोक्यावर घेतले ते पेटीसाठी. गायकाच्या मागे सूर धरणारे वाद्य, एवढीच पेटीची योग्यता मानली जात असताना ते तिच्यावर स्वतंत्र मैफल करत.

पेटीवरचा आक्षेप ठाऊक आहेच. स्वर बांधलेले, मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, गळ्याची बरोबरी नाही. हा आक्षेप इतका प्रतिष्ठित झाला, की ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला आपल्या केंद्रांतून बाहेर काढले, आणि ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. तीन दशके. या काळात पेटी घरोघरी होती, देवळात होती, तमाशाच्या फडात होती. नव्हती ती फक्त सरकारी ध्वनिक्षेपकासमोर.

आक्षेपातला तपशील खरा होता. पेटीवर मींड निघत नाहीच. खोटे होते ते मोजमाप. पेटीने गळा व्हावे, अशी अपेक्षा धरायची आणि ती गळा होत नाही म्हणून तिला बाद करायचे! वाद्याची मर्यादा ओळखून, तिच्या आत राहून, गाण्याची कुठली बाजू उजेडात आणता येते, हा प्रश्न आक्षेपकांनी विचारला नाही. टेंब्यांनी तो बोटांनी विचारला. आज पियानोवरच्या चित्रपटगीताला आपण जे नाक मुरडतो, ते त्याच जुन्या मोजमापाने.

गंमत अशी, की पियानो या बाबतीत पेटीहूनही अडचणीत आहे. पेटीचा स्वर भात्यात हवा असेतो टिकतो, वाढवता-घटवता येतो. पियानोची तार हातोडीने एकदा वाजली, की स्वर त्याच क्षणापासून विझू लागतो. गायक एका अक्षरावर चार मात्रा थांबतो, तिथे पियानोवाल्याच्या हातात विझता स्वर उरतो. त्याला ठरवावे लागते: पुन्हा वाजवायचा? शेजारच्या स्वरांचे कण देऊन जिवंत ठेवायचा? की विझू द्यायचा आणि ती शांतता ऐकवायची? गायक दोन स्वरांमधून घसरत जातो. पियानोवाल्याला दोन स्वरांमधली फट दिसते, आणि ती कशी ओलांडायची हे पुन्हा ठरवावे लागते. डाव्या हाताचे तर विचारूच नका. आपली बहुतेक चाल एकाच स्वररेषेची असते. तिच्याखाली कुठली स्वरसंगती ठेवायची, यावर त्या ओळीचा भाव बदलतो. तोच कोमल गंधार एका कॉर्डवर विसावल्यासारखा वाटतो, दुसऱ्यावर खुपल्यासारखा. हा निर्णय रेकॉर्ड ऐकून पुरता होत नाही. गाणे कळून करावा लागतो.

आणि साहित्याच्या मंडळींसाठी खरा मुद्दा पुढेच आहे. गाण्यात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते. शब्द तेच, चाल तीच. तरी दर खेपेला अर्थ तोच राहत नाही, कारण मधल्या कडव्याने तो हलवलेला असतो. गायकाला याची फारशी चिंता नसते. त्याच्यापाशी शब्द आहेत, ऐकणाऱ्यालाही ते ऐकू येतात, अर्थाचे काम बरेचसे तिथेच होते. वाजवणाऱ्यापाशी शब्द नाहीत. त्याने शब्द वाचलेले नसतील, तर तिन्ही ध्रुवपदे तंतोतंत एकसारखी निघतील आणि गाणे तिसऱ्या मिनिटाला मरेल. वाचलेले असतील, तर ते बोटांत उतरतील. म्हणून आम्ही म्हणतो, की शब्द नसलेल्या वादनातच शब्दांची खरी परीक्षा होते. त्या मुलीने तीन ध्रुवपदे तीन तऱ्हांनी वाजवली. ती गदिमांची कविता वाचून आली होती, हे सभागृहात बसलेल्या आम्हा मराठीच्या दोन अध्यापकांना सर्वांआधी कळायला हवे होते. एकाने त्याला 'वाईट नक्कल' म्हटले. दुसरा गप्प बसला. तो दुसरा म्हणजे आम्ही.

* * *

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते सगळेच पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप: अशा वादनाचा बहुतांश माल टाकाऊ असतो. मान्य. हॉटेलात जेवणाच्या आवाजाखाली अंथरायला केलेले, तयार तालाचे बटण दाबून वर एका बोटाने चाल फिरवलेले, ऐकणाऱ्याच्या आठवणींवर फुकट जगणारे वादन आम्हीही पुष्कळ ऐकले आहे. पण बहुतांश अनुवाद टाकाऊ असतात म्हणून अनुवाद हा व्यवहार टाकाऊ ठरवायचा नसतो; त्यासाठीच समीक्षा असते. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी अ‍ॅकॉर्डियनवर, व्हॅन शिप्लींनी गिटारवर, ब्रायन सायलस यांनी पियानोवर चित्रपटगीते वाजवून रेकॉर्डी काढल्या. घराघरांत त्या ऐकल्या गेल्या. रेडिओवर दोन कार्यक्रमांमधली रिकामी मिनिटे अशाच सुरावटींनी भरली. मराठीत त्यांच्या वादनाची ओळीओळीने चिकित्सा करणारे किती लेख तुमच्या वाचनात आले, वाचकहो? चांगले-वाईट निवडायचे कष्ट आपण घेतले नाहीत, आणि निवड झालेली नाही म्हणून सगळेच वाईट, असे म्हणायला मोकळे झालो.

दुसरा आक्षेप संगीतकार आणि कवी यांच्या बाजूने येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. चाल त्यांची, कमाई आणि कौतुक वाजवणाऱ्याचे; वर मोडतोड केली तर दाद कुठे मागायची? हे दुःख खरे आहे. पण त्यावरचा सरकारी तोडगा पाहा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेले कलम ३१ सी अशा 'कव्हर' मुद्रणाला वाट देते: मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे उलटलेली असावीत, आगाऊ मानधन भरावे, वेष्टनावर हे कव्हर आहे असे स्पष्ट लिहावे. इथवर सर्व न्याय्य. त्यापुढे मात्र कायदा म्हणतो, की हक्कदाराच्या संमतीने आधी झालेला नसेल, किंवा मुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसेल, असा कोणताही बदल शब्दांत वा संगीतात करू नये. म्हणजे नक्कल केलीत तर परवाना, वाचन केलेत तर संशय! शाहूपुरीतल्या परीक्षकांचे वाक्य संसदेने आधीच लिहून ठेवले होते, असे म्हणावे लागते. चालीचे विद्रूपीकरण होऊ नये हा हेतू समजतो. परंतु विद्रूपीकरण आणि अर्थनिर्णय यांतला भेद 'बदल नको' एवढ्या एका फटक्याने मिटतो. कर्त्याला मान द्यायचा खरा मार्ग निराळा आहे. वाजवण्याआधी गीतकाराचे, संगीतकाराचे, चित्रपटाचे नाव आणि साल सांगा. शब्द वाजत नसले तरी गीतकाराचे नाव सांगा, कारण वर म्हटल्याप्रमाणे ते शब्दच वाजत असतात. त्या स्पर्धेत निवेदक प्रत्येक वेळी फक्त गायकाचे, नाहीतर नटाचे नाव घेत होते. 'हुबेहूब'चा आग्रह धरणाऱ्यांना मूळ कर्ता ठाऊक नसतो, हा योगायोग नव्हे.

तिसरा आक्षेप शास्त्रीय मंडळींचा: आधी राग शिका, मग हे उद्योग करा. राग जरूर शिकावेत. पण या आक्षेपाला आमचे उत्तर एका रागदारी गायकाच्याच कार्यक्रमाचे नाव आहे. बालगंधर्वांची पदे हुबेहूब त्यांच्यासारखी गाणारे महाराष्ट्रात गल्लोगल्ली होते. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी ती पदे गायला घेतली, तेव्हा कार्यक्रमाचे नाव ठेवले 'मला उमजलेले बालगंधर्व'. 'उमजलेले' या एका शब्दात आमचा सगळा लेख आहे. दुसऱ्याचे गाणे गायचे किंवा वाजवायचे, ते आपल्याला जे उमजले ते सांगण्यासाठी. ज्याला काही उमजलेले नाही, त्याच्यापाशी हुबेहूबपणाखेरीज देण्यासारखे उरतेच काय?

* * *

तेव्हा आमची मागणी साधी आहे. परीक्षकांनी गुणपत्रिकेतून 'मूळ गाण्याशी साम्य' हा रकाना काढावा, आणि त्या जागी तीन प्रश्न घालावेत. वाजवणाऱ्याने शब्द वाचले आहेत, असे वादनातून कळते का? ध्रुवपद दुसऱ्यांदा आले तेव्हा त्याला काही कारण होते का? वाद्याची मर्यादा झाकली, की वापरली? क्लास चालवणाऱ्यांनी तालाचे बटण महिन्यातून एक दिवस तरी बंद ठेवावे. आणि मराठीच्या विभागांनी, ज्यांत आम्हीही मोडतो, एकदा तरी असा तास घ्यावा, ज्यात भावगीत फळ्यावर लिहिले आहे, एक विद्यार्थी ते शब्दांवाचून वाजवतो आहे, आणि बाकीचे सांगताहेत की कुठल्या ओळीचा अर्थ बोटांत आला आणि कुठल्या ओळीचा निसटला. रसग्रहण म्हणून आपण जे छापील उतारे घोकून घेतो, त्यांपेक्षा या एका तासात कविता अधिक कळेल, अशी आमची खात्री आहे. आक्षेप येईल, की वाद्य वाजवता येणारी मुले वर्गात असतात कुठे? शाहूपुरीतल्या एका संध्याकाळी मोजून पाहा.

राहता राहिली ती मुलगी. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला आम्ही मुद्दाम गेलो. ती आली होती. गाणे नवे होते, एका गाजत्या मराठी चित्रपटातले. तालाचे बटण सुरू होते, मधले संगीत कीबोर्डात भरलेले होते, तिन्ही ध्रुवपदे शिक्क्याने उठवावी तशी एकसारखी आली आणि शेवटचा स्वर जिथे पडायचा तिथेच पडला. तिला दुसरे बक्षीस मिळाले. बाहेर जिन्यापाशी तिने आम्हाला ओळखले. गेल्या वर्षी शेजारी बसलेले सर म्हणून असेल. हसून म्हणाली, "या खेपेला बरोबर वाजलं न्हवं, सर?"

आम्ही 'हो' म्हणालो. सभागृहात टाळ्याही वाजवल्या होत्या. त्या 'हो'ची लाज वाटते, म्हणून हा लेख.